बाहेरच्या खोलीपर्यंत आलेला आवाज

औषधांच्या दुकानात त्याच्यापुढे उभ्या असलेल्या बाईच्या पर्समधून त्याच्या बायकोचं वाक्य बाहेर आलं. आवाज बायकोचा नव्हता. तो कुणा पंचविशीतल्या मुलीचा, गोड करून घेतलेला, मधल्या श्वासांच्या जागा कापून टाकलेला आवाज होता. पण वाक्य तिचं होतं. "उठ बघू आता. किती वेळ बसलीयस." बाई तर उभीच होती, चांगली दहा माणसांच्या रांगेत उभी होती. तिनं पर्सकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं, आणि मग कोपऱ्यातल्या वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर जाऊन ती नीट, मांडीवर हात ठेवून बसली. क्षणभर थांबून उठली. पर्समध्ये काहीतरी खूश होऊन किणकिणलं. "बरं वाटत नाहीये का, ताई?" दुकानदारानं विचारलं. "छे हो," ती म्हणाली, "उठायचं राहिलं होतं." रांगेतल्या आणखी दोघींनी समजूतदारपणे माना हलवल्या, आणि त्यातली एक म्हणाली, "मावशी फार कडक आहे बाई. माझी तर मी गाडी चालवत असतानाही उठ म्हणते."

त्यानं खरं म्हणजे हसायला हवं होतं. गोष्ट हसण्यासारखी होती, आणि संध्याकाळी कुणाला सांगण्यासारखीही होती, फक्त ऐकून हसेल असं सध्या घरात कुणी नव्हतं. त्याऐवजी आपली स्वतःचीच पाठ ताठ झाली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. पाठोपाठ, 'आता'नंतर आपण पूर्णविराम दिला होता की स्वल्पविराम, अशी एक जुनी शंका मनात आली. ते वाक्य त्यानं लिहिलं होतं. म्हणजे लिहिलं असं म्हणणंही खरं नव्हे. त्यानं ते घरातून उचलून दिलं होतं.

आयुष्यभर तो मुद्रितं तपासत आला होता. पाठ्यपुस्तकं, शब्दकोश, एकदा तर नुसत्या वनस्पतींच्या नावांचा एक जाडजूड ग्रंथ. दुसऱ्यांच्या वाक्यांतलं चुकलेलं वेलांटीएवढं काहीतरी शोधायचं आणि समासात खूण करायची, हे काम त्याच्या भिडस्त स्वभावाला मानवलं होतं, कारण त्यात स्वतःला काही म्हणावं लागत नाही. छापखाना बंद पडला, आणि कुणाच्या तरी ओळखीनं तो या नव्या कचेरीत आला, जिथे सगळे त्याच्या लेकीच्या वयाचे होते आणि त्याला काका म्हणत होते. माणसांना दिवसभर कामाला लावणारं एक अ‍ॅप ते तयार करत होते. उठा, पाणी प्या, पाठ ताठ ठेवा, हातातलं पुरं करा, पुढचं घ्या. "आमची भाषा फार कचेरीची होते, काका," तिथल्या प्रमुख मुलीनं सांगितलं होतं. सगळे तिला कॅप्टन म्हणत. "लोक ऐकत नाहीत. घरातलं कुणीतरी बोलतंय असं पाहिजे." तो कोऱ्या कागदापुढे बसून राहिला होता. स्वतःची म्हणावीत अशी वाक्यं आपल्याजवळ नाहीतच, याची त्याला आधीपासून शंका होती, आता खात्री झाली. आणि मग एका सकाळी, डोकं खाली घालून बसला असताना, आतल्या खोलीतून यावा तसा आवाज आला. मान वर काढ त्यातून. पाणी प्यायलीस का गं? उठ बघू आता. बायकोला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यानं भराभर उतरवून घेतलं. कॅप्टननं तो कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाली, "काका, हे सोनं आहे."

त्या आवाजाला लोकांनी आपणहून मावशी म्हणायला सुरुवात केली. आई म्हटलं असतं तर कदाचित त्यानं हरकत घेतली असती, निदान घ्यावी असं त्याला वाटलं असतं. मावशी म्हटल्यावर काही बोलता येईना. अनोळखी माणसं त्याच्या बायकोच्या हाकेनं खुर्चीवरून उठत होती, या गोष्टीचा त्याला सुरुवातीला चोरटा अभिमान वाटला. शाळेत ती व्यायाम शिकवायची, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला जागेवर थांबवायची तिच्या आवाजात ताकद होती, आणि आता ती मैदानापलीकडे पोचली होती. पण कधीकधी, गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकताना वाटतं तसंही त्याला वाटे. घेणाऱ्याला ते कुणाचे होते हे ठाऊक नसतं, आणि ते त्याला बेताचेच बसलेले असतात.

आज दुपारपर्यंत मात्र सगळं ठीक होतं. शनिवारची बैठक उभ्यानं झाली, कारण कचेरीतल्या खुर्च्या मागेच काढून टाकल्या होत्या. टेबलं छातीपर्यंत उंच केली होती आणि सगळे बगळ्यांसारखे पाय बदलत काम करत. काकांना वयामुळे एक स्टूल मंजूर झालं होतं, ते खांबामागे ठेवलेलं असे, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. कॅप्टनच्या डाव्या डोळ्याची पापणी अलीकडे सारखी लवत होती, आणि बोलताना ती त्यावर बोट दाबून धरी, त्यामुळे ती नेमकी कुणावर नेम धरते आहे असं वाटे. "लोक दमलेत," तिनं सांगितलं. छप्पर गळतंय हे सांगावं, तसं. "मावशीला काढून टाकायला लागलेत. म्हणे तिचा आवाज आला की छातीत धडधडतं." मग तिनं उपाय सांगितला. मावशी आता आराम करायला सांगणार होती. रोजचा आराम, त्याचं रोजचं लक्ष्य, आणि तो अर्धवट टाकला तर आठवण. "बहुतेक लोक आराम मनापासून करत नाहीत," ती म्हणाली. "थातुरमातुर करतात आणि उठतात." आकडे सांभाळणारा मुलगा म्हणाला, की सगळ्यांत चांगला आराम करणाऱ्यांची नावं दर आठवड्याला जाहीर करावीत. चित्रं काढणारी म्हणाली, "पण पहिला आला हे सांगायला त्याला उठवायचं कुणी?" कुणी हसलं नाही. कॅप्टननं ती अडचण म्हणून लिहून घेतली. मग बोट पापणीवर तसंच ठेवून ती त्याच्याकडे वळली. "काका, मावशीची झोपवायची वाक्यं लागतील. सोमवारपर्यंत. तुमच्याकडे असतीलच की." आणि तो म्हणाला, "असतील."

नव्हती. लेकीसाठी घेतलेली टॉनिकची बाटली कागदी पिशवीत घेऊन घराकडे चालताना त्यानं पहिल्यापासून आठवून पाहिलं. रस्त्यात लोक घाईनं चालले होते, शनिवार दुपारच्या मानानं जरा जास्तच घाईनं, आणि मध्येच कुणी थांबून मान डावीकडे, उजवीकडे फिरवून घेई, फोनकडे बघे आणि पुन्हा चालू लागे. तिनं कुणाला निजायला सांगितल्याचं त्याला आठवेना. आंघोळ झाली का, डबा घेतलास का, अजून तिथेच, चल आटप, इतकं वाचून कुणाचं भलं झालंय, दिवा लाव, दिवा घालव. त्याच्या आठवणीतली बायको सतत कुणाला तरी हलवत होती. तो बाहेरच्या खोलीत टेबलाशी, मुद्रितात मान घालून, आणि आतून तो आवाज यायचा, भिंतीला ठेचकाळत, दरवाजाच्या चौकटीतून वळून. उठ बघू आता, किती वेळ लोळणार. ('बसलीयस' त्यानं कचेरीसाठी केलं होतं.) मग आत शांत व्हायचं. म्हणजे पोरगी उठली असणार, असं धरून तो पुढच्या ओळीवर जायचा. त्याला त्या शांततेचंही एक समाधान असे. घर चालू आहे, कुणीतरी चालवतंय, आपण ओळ सोडायची गरज नाही. शेवटच्या आजारात तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की तिचे ओठ हललेले दिसले की तो नुसताच 'हो' म्हणायचा. त्या दिवसांतली तिची वाक्यं तो आता शोधू लागला, तर ओठ हलताना दिसत होते फक्त. एकाएकी त्याला भीती वाटली, की आपण तीस वर्षं ज्या बाईबरोबर राहिलो तिला आराम ही गोष्टच ठाऊक नव्हती, आणि ती बिचारी तशीच गेली. आणि ही भीती वाटत असतानाच, सोमवारी काय द्यायचं, हाही विचार चालू होता. मनाला लाज नसते, हे त्याला वाचून माहीत होतं.

घरी लेक होती. चार दिवस राहते म्हणून एका बॅगेनिशी आली होती, त्याला आता दीड महिना झाला. मालवाहू गाड्यांच्या फेऱ्या लावण्याचं तिचं काम. कुठली गाडी कुठे माल उतरवेल, तिथून काय भरून निघेल, एकही गाडी रिकामी धावता कामा नये. ती त्यात इतकी तरबेज होती, की रिकामी गाडी दिसली की तिला रस्त्यातसुद्धा वाईट वाटायचं. आणि एके दिवशी काम संपल्यावर समोरचा पडदा बंद करायचा की नाही, एवढंच तिला ठरवता आलं नाही. झाडू मारणाऱ्या बाईनं तिला पाहिलं तेव्हा ती तशीच बसलेली होती, कपाटाला टेकून ठेवलेल्या छत्रीसारखी. हे त्याला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, विश्रांती द्या. आणि त्यानं ती द्यायला घेतली. पडद्यांच्या वेळा ठरवल्या. फळं कापून ठेवली. सकाळचं फिरणं, दुपारचं टॉनिक, वाचायला हलकी पुस्तकं, त्यातलं एक तर विश्रांतीवरच होतं. ती पडून राहिली. झोपत नव्हती, नुसती पडून, भिंतीकडे तोंड करून. तिच्या कचेरीनं सोमवारपर्यंत मुदत दिली होती. यायचं, नाहीतर जागा सोडायची. रागावून काही लिहिलं नव्हतं, पत्र अगदी प्रेमळ होतं. त्याच्या डोक्यात मात्र काहीतरी पक्कं बसलं होतं, की सोमवारी ही उठली नाही तर मग कधीच उठणार नाही. आपल्यामागे ही अशीच, या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. म्हणून रोज सकाळी तो तिच्या दाराशी जाई, चौकटीच्या बाहेर थांबे. लेक मोठी झाल्यापासून तो त्या खोलीत कामाशिवाय गेला नव्हता. आणि दाराबाहेरून बोलायचं तर आपलं असं काही सुचत नसे, म्हणून तो बायकोचं म्हणे.

आताही पिशवी हातात धरून, बूटही न काढता, तो तिथेच थांबला. दार अर्धं उघडं होतं. "उठ बघू आता," तो म्हणाला, "किती वेळ..." आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याला पुढचं म्हणवेना.

"लोळणार," आतून लेक म्हणाली. "पूर्ण करा की."

"टॉनिक आणलंय."

"बाबा, तुम्ही अगदी मावशी झालात."

त्याला वाटलं, ती सहज म्हणाली असेल, सगळे म्हणतात तसं. पण ती कुशीवर वळली होती आणि त्याच्याकडे बघत होती. त्याच्या कानशिलांना ऊब चढली. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आमच्याकडे सगळ्यांच्या फोनमध्ये ते घालणं सक्तीचं केलं. सत्तर माणसं आणि एकाच वेळी सत्तर टेबलांवर आई ओरडतेय. मला कळणार नाही होय?"

"मग बोलली नाहीस ती."

"काय बोलणार? आधी बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. दर तासाला आई. मी मुद्दाम पाणी प्यायचे नाही, म्हणजे ती पुन्हा विचारेल. आणि ती विचारायची. पुन्हा विचारायची, पुन्हा विचारायची. मग एक दिवस मला घाम फुटला. मला वाटलं, ही आई नाहीये. आईसारखं बोलतेय, पण पुढचं बोलतच नाही."

"पुढचं कुठलं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मस्करी करतोय का, हे बघावं तसं. "तुम्ही पुढचं घेतलंच नाहीत ना. मी समजत होते, तुमच्या त्या कॅप्टनबाईनं कापलं."

"कुठलं पुढचं?" त्यानं पुन्हा विचारलं. पिशवीचा कागद त्याच्या हातात कुरकुरला.

"उठ बघू आता, किती वेळ लोळणार, हे ती तुम्ही उभे आहात ना, तिथून म्हणायची. मोठ्यानं. मग आत यायची, दार लोटायची, आणि म्हणायची, नाही उठवत? सरक मग. आणि माझ्याशेजारी आडवी व्हायची."

"शाळेत जायच्या आधी?"

"शाळेत जायच्या आधी. शिट्टी गळ्यात, बूट पायात. बूट घातलेले म्हणून पाय पलंगाबाहेर ठेवायची. कधी पाच मिनिटं, कधी जास्त. एकदा दोघींना झोपच लागली आणि तिची प्रार्थनेची वेळ चुकली." लेक किंचित हसली. दीड महिन्यात पहिल्यांदाच, पण ते त्याच्या नंतर लक्षात आलं. "सगळ्यालाच पुढचं असायचं, बाबा. पाणी प्यायलीस का गं? नाही ना, राहू दे, मी आणते. अभ्यास झाला का? नाही झाला, बरं, उद्या आपण दोघी बोलणी खाऊ."

"मला कधी ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"हळू म्हणायची ते. तिला हळूसुद्धा बोलता यायचं."

तो तसाच उभा राहिला. चौकटीला हात लावावा असं वाटलं, लावला. म्हणजे त्या शांततेत, जिला तो पोरगी उठल्याची शांतता समजून पुढच्या ओळीवर गेला होता, त्या शांततेत आत दोघी पडलेल्या असत. तीस वर्षं तो या घराचं मुद्रित तपासत बसला होता आणि त्याच्याकडे पानं अर्धीच येत होती. आणि मग त्याला टेबलाशी येऊन उभी राहिलेली ती आठवली. मान वर काढ त्यातून. तो म्हणायचा, झालंच, एवढं पान. ती लगेच जायची नाही. जरा वेळ खुर्चीच्या पाठीला तिचा हात असायचा, लाकूड थोडं दबल्यासारखं वाटायचं. त्या वेळात ती काही म्हणत होती का? त्याच्यासाठीही पुढचं होतं का? बहुधा असणार. सगळ्यालाच असायचं. पण तो कुठल्याशा वनस्पतीच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ बघत होता, आणि मान वर काढली तेव्हा खुर्चीमागे कुणी नव्हतं.

याच वेळी, नेमक्या याच वेळी, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट पेन्सिल धरल्यासारखी जवळ आली. नाही उठवत? सरक मग. दोनच शब्दांचा प्रश्न, दोनच शब्दांचं उत्तर, आणि सगळं आलं त्यात. पाणी, राहू दे, मी आणते. झोपवायची वाक्यं हीच. सोमवारच्या आत ती आपणहून चालत आली होती. कॅप्टन दोनदा वाचेल आणि मग सोनं म्हणेल. मग आकडेवाला विचारेल, की सरकल्यावर मावशी येणार कुठून? पाणी आणणार कोण? आणि ते खरंच होतं. वाक्याचा पहिला अर्धा कुणालाही म्हणता येतो, पर्समधल्या फोनलासुद्धा. दुसऱ्या अर्ध्याला आडवं व्हायला एक अंग लागतं. हा विचार त्याला बरोबर वाटला, आणि लगेच वाटलं, हाही आपण लिहून ठेवण्यासाठीच करतो आहोत. त्यानं पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, म्हणजे त्या हाताला काहीतरी काम होईल.

"सोमवारी मी जाणार नाहीये," लेक म्हणाली. भिंतीला नव्हे, त्याला. तिचा चेहरा आता पुढे येणाऱ्या बोलण्यासाठी तयार झाला होता. ते बोलणं त्याच्याजवळ होतं. ते रोज रस्त्यानं चालताना त्यानं घासून पुसून ठेवलं होतं. नोकरी, वय, मी किती दिवस पुरणार. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. मला भीती वाटते, पण बरं."

तिनं पांघरुणाची कड बोटांनी सारखी केली. "मलाही वाटते," मग म्हणाली. "आणि तुमचं काय? परवा फोनवर कुणाशी तरी म्हणत होतात, शनिवारच्या बैठकीत काहीतरी नवीन काम सांगणार आहेत म्हणून."

"झोपवायची वाक्यं मागितलीयेत माझ्याकडे. नाहीयेत म्हणून सांगेन."

"काढतील तुम्हांला."

"काढतील बहुतेक. स्टूल परत घेतील."

या वेळी ती आवाज करून हसली, आणि हसताना तिला खोकला आला. पाणी आणतो, असं तो म्हणणार होता, पण ते वाक्य आता इतकं दुसऱ्याचं होतं, की त्याला धीर होईना. त्यानं टॉनिकची पिशवी बाहेरच जमिनीवर ठेवली. चौकटीच्या आत एक पाऊल टाकलं. खोलीत पांघरुणाचा आणि बंद खिडकीचा वास होता, आणि पलंग त्याला वाटत होता त्यापेक्षा अरुंद होता. सरक म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. ते तिचं होतं. आपलं काय आहे, हे त्यानं शोधून पाहिलं, आणि जे मिळालं ते फारच साधं होतं.

"आत येऊ का जरा?"

"काही काम होतं?"

"नाही."

लेकीनं त्याच्याकडे पाहिलं, मग काही न बोलता भिंतीकडे सरकली. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठ घट्ट बसली होती, म्हणून वेळ लागला. ती थांबली. बूट निघाल्यावर त्यानं पाय वर घेतले आणि छताकडे तोंड करून, हात पोटावर जुळवून, कुणीतरी मोजायला येणार असल्यासारखा ताठ आडवा झाला. दुपार होती. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं.

"झोपलात का?" थोड्या वेळानं लेकीनं विचारलं.

"नाही."

"मग काय करताय?"

त्यानं विचार केला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता, आणि तिनं तो काढून घेतला नव्हता.

"काही नाही," तो म्हणाला, इतक्या हळू, की बाहेरच्या खोलीत कुणी असतं तर त्याला ऐकू गेलं नसतं.